अहो, पामला ऊन लागलं!

काय दिवस आले बघा! ज्या बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा 42-43 च्या खाली उतरायला तयार नसतो, जिथं सकाळी गच्चीवर टाकलेल्या कुरडया संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतात, त्या आपल्या सिरसाळ्यात लोक एकमेकांना विचारू लागलेत, "काय हो, तुमच्याकडं उजेड पुरतो का?" उजेड! सिरसाळ्यात! पाणी पुरत नाही म्हणा, पाऊस पुरत नाही म्हणा, कापसाचा भाव पुरत नाही म्हणा, सगळं कबूल. पण उजेड? तो तर आपण दरवर्षी डोक्यावर पंचा टाकून चुकवत आलो.

पण विचारणारा शुद्धीवर असतो. त्याच्या घरी पाम आलेला असतो. साधा नाही हं. साधा एरिका पाम आता लग्नाच्या हॉलच्या दारात उभा असतो, त्याला कोण विचारतं? हा पट्ट्यापट्ट्यांचा रॅफिस पाम. 'व्हेरिगेटेड'. म्हणजे हिरव्या पानावर पांढऱ्या-पिवळ्या रेघा. कपाशीवर लाल्या पडला की आपण घाबरून कृषी सेवा केंद्र गाठतो. पामवर पांढऱ्या पडला की मोबाइलवर स्टेटस ठेवतो. आणि त्या पांढऱ्यापायी हिरव्या झाडाच्या कितीतरी पट पैसे मोजतो. आजी बिचारी म्हणाली, "अगं बाई, रोग पडलाय, औषध फवारा." तिला गप्प बसवलं.

आजीचं सगळंच चुकलं असंही नाही. हॉलंडमध्ये लोकांनी रेघारेघांच्या ट्यूलिपसाठी घरंदारं पणाला लावली आणि 1637 च्या फेब्रुवारीत तो बाजार आपटला. त्या रेघा म्हणजे विषाणूचा प्रसाद होता, हे कळायला 1928 उजाडलं! पामच्या रेघा रोगाच्या नव्हेत, जन्मजात खोडीच्या; पण येड तेच. जपानात एदो काळापासून बडी मंडळी या रॅफिसच्या पट्ट्यांपायी थैल्या सोडत आली. आणि न्यूझीलंडात 2021 साली आठ-नऊ पानांची एक पांढरी-हिरवी वेल लिलावात 19,297 डॉलरला गेली. न्यूझीलंडच्याच डॉलरला, पण गेली ना! एवढ्यात आपल्याकडं चांगल्या म्हशींची दावण दारात बांधून वर कडब्याची गंज उरली असती.

बरं, आणलंत पाम, मग ठेवा की कुठंही. छे! इथून खरा तमाशा सुरू. याला उजेड हवा, ऊन नको. हिरव्या पामपेक्षा जास्त उजेड हवा, पण हिरवा सोसतो तेवढंही ऊन नको! का? तर पानाच्या पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्यच नाही. हिरवा पट्टा राबतो, अन्न करतो. पांढरा पट्टा बसून खातो. बसून खाणाऱ्याला पोसायचं म्हणून हिरव्याला जास्तीचा उजेड पुरवायचा. आणि त्या बसून खाणाऱ्याची कातडी इतकी नाजूक की दुपारच्या तिरिपेनंही भाजून तपकिरी होते. एकदा भाजलं की ते पान पुन्हा बरं होत नाही. झाड नाही, अधिक महिन्यात आलेला जावई आहे! आणि घरात भाव कुणाला? राबणाऱ्याला? नाव काढू नका.

मग काय, घरोघरी दिशांचा अभ्यास चालू. वास्तुशास्त्रवाल्यांनासुद्धा जमलं नाही ते पामनं करून दाखवलं. पूर्वेची खिडकी आली तर भाग्य: सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं. उत्तरेची चालते, मात्र काचेला अगदी खेटून. दक्षिणेला पडदा हवा. आणि पश्चिमेची? पश्चिमेच्या खिडकीचं नाव काढलं तरी झाडवाले चेहरा असा करतात, जणू आपण लेकराला भट्टीत घालायला निघालोय. एका घरात पश्चिमेला आजोबांचं जुनं धोतर पडदा म्हणून टांगलंय. पातळ पांढरं धोतर ऊन कसं गाळून देतं याचं कौतुक ऐकायला आजोबा स्वतः हजर असतात, लुंगीवर! भाजीच्या रोपांवर घालायची पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट शेतातून निघून बाल्कनीत आली, मिरचीची रोपं मेली तरी चालतील.

आणि ती सावलीची परीक्षा पाहिलीत का? भर दुपारी माणूस कुंडीवर हात धरून उभा. सावली ठळक, कडा धारदार पडली तर ऊन फार. पुसट पण ओळखू येईल अशी पडली तर झकास. पडलीच नाही तर काळोख. शेजारच्या काकूंना वाटलं, भाऊ करणी-बिरणी उतरवतायत. सुशिक्षितांची तऱ्हा निराळी: ते मोबाइलवर लक्स मोजतात. बाहेर अंगणात लाखाच्या घरात आकडा, आत टीव्हीशेजारी दोन-तीनशे. घरातल्या दिव्याला आपले डोळे फसतात, झाड फसत नाही, हे त्यांनी आपल्याला इतक्यांदा सांगितलंय की आता आपणही दुसऱ्यांना सांगतो.

कळस अजून पुढंच आहे. काहींनी झाडाला दिवा लावला! एलईडीचा, दिवसाला दहा-बारा तास. जरा विचार करा. पलीकडं परळीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतोय. तेच केंद्र, जे 2013 साली आणि पुन्हा 2015 साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. एवढ्या कष्टाची वीज तारांवरून यायची (ती ग्रीडमधून कुठून कुठून येते हे मान्य, पण धूर तर आपल्याच तालुक्यात दिसतो ना), आणि बाहेर सूर्य आग ओकत असताना आत खिडक्या बंद करून पामला जांभळा उजेड पाजायचा. रात्री रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, आत ऑर्केस्ट्रा आहे.

गंमत म्हणजे याला हवा तसा उजेड आपल्याकडं होताच. जुन्या वाड्याची ढाळज आठवा. वर माळवद, समोर चौकाचं आभाळ, ऊन पायरीपर्यंत येऊन थबकायचं आणि आत नुसता मऊ उजेड. पाम तिथं सुखानं नांदला असता. पण आपण ढाळज पाडली, स्लॅब टाकला, पश्चिमेला मोठ्ठी सरकती काच बसवली. आता त्या काचेला धोतर बांधतोय. आणि या पामचं कूळ बघाल तर ओढ्याकाठची आपली शिंदी याच खानदानातली! एका चुलतबहिणीची केरसुणी करून आपण दारामागं उभी करतो, लक्ष्मीपूजनाला तेवढं हळदकुंकू; दुसरीला हॉलमध्ये स्टूल, पडदा आणि दिवा.

टोकं करपली की पुन्हा सगळ्यांचा संशय उजेडावर. कुंडी इकडं, कुंडी तिकडं. बहुतेकदा अपराधी असतं आपलं बोअरचं क्षाराचं पाणी आणि कोरडी हवा. हे कळल्यापासून काही घरांत माणसं बोअरचं पितात आणि पाम फिल्टरचं पितो. पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवणारेही निघालेत, आणि ते कॅन कुठं ठेवलेत हे बायकोलाही सांगत नाहीत.

बरं, मनी प्लांटसारखी रात्री फांदी खुडून आणायचीही सोय नाही. पामच्या प्रत्येक खोडाला शेंड्याशी एकच कोंब. तो तोडला की खोड संपलं. बुडातून फुटवा निघेल, मुळ्या धरेल, तेव्हाच दुसरं झाड. त्यातही फुटवा सगळा पांढरा निघाला तर आईपासून तोडताच मरतो, सगळा हिरवा निघाला तर जोमानं वाढून पट्टेवाल्याला दाबून टाकतो. अर्धा-अर्धा निघाला की पेढे! म्हणून तर पाहुणे पहिल्यांदा कुंडीचं बूड न्याहाळतात आणि मग चहाला "नको नको" म्हणतात.

आणि आता साळसूदपणे हसू नका. तुमच्याही खिडकीत कोण आहे ते आम्ही रस्त्यावरून पाहिलंय. जास्वंदीमागं लपवलं म्हणून दिसत नाही होय? तेव्हा सांगतो ते ऐका: होळी झाली की कुंडी पश्चिमेवरून हलवा, एकदम नव्हे, पंधरा दिवसांत थोडी थोडी. पूर्वेला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा आणि आठवड्याला एकदा फिरवा. आणि अर्ध्या-अर्ध्या पट्ट्यांचा फुटवा निघाला तर बाहेर कुणाला शब्द देऊ नका. पहिला हक्क आमचा, पैसे रोख.