अप्पांचे आक्षेप

मालिकेतलं कुणी नुसतं खाकरलं तरी अप्पांना त्यामागचा हेतू लागतो. घशात कफ झाला असेल, हे कारण त्यांना चालत नाही. सगळी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. पावती नसेल तर चहा प्यायलाच गेला नाही, ही त्यांची जीवननिष्ठा. असा माणूस निवृत्त होऊन डोंबिवलीत आमच्या शेजारी राहतो आणि २०१६च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू होते, याला योगच म्हणायचं. पहिल्याच भागात कोकणातल्या वाड्याचे मालक अण्णा नाईक गेले. बाकी बिल्डिंगने भुताच्या भीतीने उशा कवटाळल्या. अप्पांनी जुनी डायरी काढून रकाने आखले. नाव, अण्णांशी नातं, मिळकतीत हिस्सा, शेरा.

भूत नसतंच, असं अप्पा म्हणत नाहीत. ते कुणाच्या सांगण्यावरून आलं, एवढंच त्यांना विचारायचं असतं.

पहिला आक्षेप नीलिमावर. मुंबईची शिकलेली सून, वाड्यातल्या कुठल्याच भानगडीवर विश्वास न ठेवणारी. “एवढं निर्धास्त कोण असतं? ज्याला सगळं ठाऊक आहे तोच!” तिची जाऊ सरिता घाबरते, म्हणून दुसरा तिच्यावर. अण्णांच्या पत्नी माई गप्प बसतात, म्हणजे त्यांचं तर मुळातच काहीतरी आहे. सुसल्या तेवढी निर्दोष, कारण ती उघड उघड वाटा मागते. “तिचं व्हाउचर जोडलेलं आहे,” अप्पा म्हणायचे.

खरं तर यात अप्पांचा फारसा दोष नाही. रहस्यमालिकेचा धंदाच तो. भाग संपताना कॅमेरा कुणाच्या तरी तोंडावर जाऊन थांबणार, ढण्ण वाजणार, आणि दुसऱ्या दिवशी कळणार की बाई दाराआड चहा घेऊन उभी होती. आज हिची पाळी, उद्या त्याची. सगळे संशयित असेपर्यंत मालिका चालते, एकच उरला की आटोपते. प्रेक्षक ढण्ण विसरतो. अप्पांकडे तारीखवार नोंद असते. “नजर रोखली ना? मग अनुपालन कुठाय?”

पण त्यांचा खरा जीव अडकला तो पांडूत. वाड्यातला तो वेंधळा गडी, काहीही विचारा, “इसारलंय” म्हणणारा. सगळा महाराष्ट्र त्याच्यावर हसत होता तेव्हा अप्पा एकटे गंभीर होते. तपासणीच्या दिवशी ज्या कारकुनाला किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, त्याचंच कपाट आधी उघडायचं, हा त्यांचा नोकरीतला धडा.

अप्पांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, मालवणकडच्या. त्या म्हणायच्या, “अवो, तो खराच इसारता. आमच्या वाडयेत असलो एक होतो. नारळ हाड म्हटला तर कोयतो घेवन येय.”

“मग नारळ कुठे गेला?” अप्पा विचारायचे.

अशात कुणीतरी त्यांना सांगितलं, की पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेच्या लेखनातही आहेत. त्या रात्री अप्पांनी आमची बेल वाजवली. मी घाबरून दार उघडलं. “घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात शब्द घालणारा माणूस स्वतः म्हणतो, मला काही आठवत नाही! आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?” लेखकाचा हेतू वेगळा आणि पात्राचा वेगळा, असं मी जांभई देत म्हणालो. “सही एकाच हाताची आहे,” म्हणून ते गेले.

२०१९मध्ये मालिकेचं दुसरं पर्व आलं, ते आधीच्या काळातलं. अण्णा जिवंत, त्यांची प्रेयसी शेवंता समोर. जुनं आर्थिक वर्ष पुन्हा उघडल्याच्या आनंदात अप्पांनी नवी डायरी केली. शेवंतेच्या प्रसंगांना त्यांचा चष्मा जास्त वेळा पुसला जायचा. “कारणं सगळी इथंच आहेत,” ते टीव्हीवरची नजर न काढता सांगायचे. “दिसतत हां कारणा,” काकू आतून म्हणायच्या.

पुढे माहेरी जायचं निघालं तेव्हा काकूंनी वाटेत सिंधुदुर्गातलं आकेरी घेतलं. चित्रीकरणाचा वाडा तिथलाच. लोक आवर्जून पाहायला जातात. सगळे फोटो काढत होते. अप्पा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत होते. मग घड्याळ लावून पुन्हा चालले. घामाघूम होऊन काकूंना म्हणाले, “अगं, एवढ्या वेळात पांडू इथवर पोचूच शकत नाही!”

“अवो, शूटिंग ता! मदी कापतत. चला आता, गाडी सुटात.”

अप्पा थबकले. मधे कापतात? मग कापलेल्या भागात काय होतं? त्यांनी डायरी काढली, पांडूच्या खाली नवी ओळ आखली आणि नावाच्या रकान्यात लिहिलं : संकलक.