विजेविना सुतारकाम

अमेरिकी संसदेने जुलै २०२५मध्ये सार्वजनिक प्रसारणाचे दोन वर्षांचे ११० कोटी डॉलर कापले. हिशोब केला तर माणशी वर्षाला दोन डॉलरही पडत नव्हते. पण देश वाचवायचा म्हटल्यावर कुठून तरी सुरुवात करायलाच हवी! हा पैसा स्थानिक वाहिन्यांना वाटणारे, १९६७च्या कायद्याने उभे राहिलेले प्रसारण महामंडळ लगोलग गाशा गुंडाळायला लागले.

अशाच एका, नॉर्थ कॅरोलायनाच्या सार्वजनिक वाहिनीवर रॉय अंडरहिल १९७९पासून कितीतरी वर्षे करवत, रंधा आणि पटाशी घेऊन, विजेचे एकही यंत्र न वापरता सुतारकाम शिकवत होते. दूरदृष्टी म्हणतात ती ही. उद्या वाहिनीचे वीजबिल थकले, तरी सुताराचे काही अडणार नाही. कॅमेऱ्याचे तेवढे बघावे लागेल.

बॉब रॉस सार्वजनिक वाहिन्यांवरच अर्ध्या तासात निसर्गचित्र रंगवायला शिकवीत. ते १९९५मध्ये वारले. कपातीनंतर त्यांची ३० चित्रे लिलावात काढून छोट्या वाहिन्यांच्या कार्यक्रम-शुल्काला हातभार लावायचे ठरले. म्हणजे गुरुजींनी हयातीत घरोघरी फुकट शिकवायचे आणि मेल्यावर शाळेची फीही त्यांनीच भरायची! खर्चकपातीचा इतका सुबक नमुना कुठल्याही कारागिराला साधला नसता.