झालीच आहे!

'झालीच आहे'वाले भाऊ हे एका माणसाचं नाव नव्हे. आमच्या जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ते कधी शिलाई मशीनवर भेटतात, कधी कागदांच्या गठ्ठ्यामागे. सध्या माझी गाठ विहिरीच्या मोटारीत नवी तार भरणाऱ्या भाऊंशी आहे.

"भाऊ, मोटार?"

"झालीच हाये सर. वार्निश तेवढं सुकायचंय."

मोटार कोपऱ्यात उघडी पडलेली, पोटातली जळकी तांब्याची तार बाहेर लोंबतेय. शाळेत आम्ही 'झाली आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ म्हणून शिकवायचो. भाऊंच्या दुकानात पूर्ण काहीच नसतं, वर्तमान तेवढं असतं. 'झाली' आणि 'आहे' यांच्यामध्ये मराठीनं जी फट ठेवलीय, तिथं 'च' बसवून भाऊंनी धंदा थाटलाय. 'च' न लावता या भागात झालेली एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे: १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला.

हल्ली मी मोबाईलवर स्पॅनिश शिकतो. (निवृत्त माणसाला कोण अडवणार?) त्या भाषेत भाऊ उपाशी मरतील. 'ए तेर्मिनादो' म्हणजे 'मी संपवलं आहे'. या दोन शब्दांच्या मध्ये सहसा कुणाला घुसू देत नाहीत. 'अजून'ला म्हणतात 'तोदाविया'. त्यानं पुढं उभं राहावं नाहीतर मागं. नकार 'ए'च्या आधी: 'नो ए तेर्मिनादो'. गिऱ्हाईक पहिल्याच शब्दाला घरी जायला मोकळं.

आमच्याकडं नकार येतो शेवटी. "सर, रात्री जागून, नवी तार आणून, पोराला सोबत बसवून तुमची मोटार पूर्ण भरून झालेली..." इथं भाऊ चहाचा घोट घेतात. माझ्या डोळ्यांपुढं मोसंबीला पाणी सुटतं. "...नाही."

स्पॅनिशमध्ये दोन नकार आले तरी अर्थ एकच आणि ठाम. 'नो ए दिचो नादा' म्हणजे मी काही बोललेलो नाही, विषय संपला. भाऊंचे दोन नकार निराळे: "झाली नाही असं नाही, सर." यातून मोटारही मिळत नाही, ॲडव्हान्सही परत येत नाही.

तुमची मोटार भाऊंकडं असेल तर 'झाली का?' असं विचारूच नका. दुकानात स्टूल ओढून बसा, तार भरताना स्वतः बघा, आणि बाकीचे पैसे मोटार विहिरीवर चालल्यावरच द्या.