शामारेलचा धबधबा आणि ह्यांची सीताखाई

कात्र बोर्न, मॉरिशस

ती. आबा आणि ती. आईंना साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. पण फोन ह्यांच्या हातात असतो आणि तक्रार ह्यांचीच आहे.

रविवारी सहलीच्या बसमधून शामारेलचा धबधबा पाहिला. सुमारे 100 मीटरचा सरळ कडा, खाली गच्च रान. मार्च म्हणजे इकडचा पावसाळा, त्यामुळे पाणी नुसतं कोसळत होतं. गाइडनं बजावलं, ‘पंधरा मिनिटं, आणि कठड्याबाहेर वाकायचं नाही.’ सगळ्यांच्या तोंडून ‘अहाहा’ निघालं. हे म्हणाले, ‘‘आमच्या सीताखाईपुढे हे काय!’’

झालं! सातपुडा, अकराशे मीटरवरचं तोरणमाळ, सात पायरी घाट, यशवंत तलाव, गोरखनाथाची यात्रा... ह्यांची टकळी थांबेना. एक जर्मन जोडपं तर गाइडला सोडून ह्यांच्याभोवतीच उभं राहिलं. गाइड बिचारा सोशिक. त्याचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर आलेले; त्याला मराठी आरतीपुरती येते. त्यानं शांतपणे विचारलं, ‘‘उंची किती तुमच्या धबधब्याची?’’

‘‘मोजायला खाली उतरेल त्याला कळेल!’’

‘‘आणि आत्ता पाणी असेल?’’

हे एकदम कठड्याचे गज मोजू लागले. आपली चिंगी मात्र आबांच्या वळणावर गेलीय. ‘‘आजोबा म्हणतात, होळीपर्यंत तिथे नुसते दगडच उरतात,’’ असं तिनं जर्मन बाईंना इंग्रजीतून नीट समजावून सांगितलं.

मग सात रंगांची माती पाहिली. लाव्हाचा दगड कुजून माती झाली; लोखंडानं तांबडी, अ‍ॅल्युमिनियमनं निळी-जांभळी. चालायला मनाई, तीही कठड्याआडूनच बघायची. तिथे गाइडनं सांगितलं, की जमिनीखालच्या ज्या तापलेल्या जागेतून हे बेट वर आलं, तिनंच साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा दगड ओतला होता. मॉरिशस त्यामानानं लहान, 80 लाख वर्षांचं. त्या बिचाऱ्यानं हे सांगायला नको होतं. ‘‘म्हणजे तोरणमाळ थोरली पाती आणि शामारेल धाकटी!’’ हे बसमध्ये चढेपर्यंत तेच. अननसाला तिखट-मीठ लावून विकणाऱ्या बाईलाही त्यांनी ते ऐकवलं. तिनं एक फोड जास्त दिली. पटलं म्हणून की सुटका व्हावी म्हणून, देव जाणे.

इथेही महाशिवरात्रीला लोक कावडी घेऊन गंगा तलावापर्यंत चालत जातात, हे ऐकल्यावर तर ह्यांनी गाइडला पुढच्या शिवरात्रीच्या यात्रेचं आमंत्रणच देऊन टाकलं. मुक्काम अर्थात आपल्याकडे. आईंनी गोधड्यांना ऊन दाखवून ठेवावं.

तुमची
थोरली सून

ता. क. : शिवरात्रीला सीताखाईला पाणी असतं का, ते आबांनी कळवावं. नसेल तर मला एकटीला कळवावं.