मागे अजून किती?

अमेरिका-कॅनडातल्या बर्फात स्नोमोबाइल नावाची घसरगाडी चालते. पुढे दोन फळ्या, मागे गरगर फिरणारा पट्टा आणि उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटल. अरुंद वाटेवर समोरून दुसरी टोळी आली की स्वार डावा हात वर करून बोटं दाखवतो: माझ्यामागे अजून इतके येताहेत. शेवटचा मूठ दाखवतो, म्हणजे संपले. टोळीत किती जण असावेत यावर तिकडची मंडळी तासन्‌तास वाद घालतात म्हणे. पण मोकळा हात एक आणि त्याला बोटं पाच, इथेच निकाल लागतो. पुढे एक, मागे पाच. सहा गाड्या.

आपल्या खालापूर तालुक्यात बर्फ मिळतो तो इमॅजिकाच्या स्नो पार्कात, छपराखाली, तिकीट काढून. सोलंगला किंवा गुलमर्गला आपला माणूस भाड्याचा कोट आणि गमबूट चढवून स्नो स्कूटरवर बसतो खरा, पण बहुधा चालकाच्या पाठीला चिकटून. तेव्हा आपली स्नोमोबाइल म्हणजे बुलेट, आणि आपला बर्फ म्हणजे जुलैतला कर्जतचा चिखल.

अशाच एका पावसाळी रविवारी आमचा चौदा गाड्यांचा तांडा पनवेलहून कर्जतला निघाला. निघायची वेळ सहा ठरली होती. सहाला तिघे हजर होते, त्यांनी चहा घेतला. पुढचे चार आले, त्यांना सोबत म्हणून पहिल्या तिघांनी पुन्हा घेतला. चौदावा आला तेव्हा टपरीवालाच म्हणाला, “आता निघा साहेब, दूध संपलं.” मी डबलसीट होतो. डबलसीटवाल्याला ना गाडीची जबाबदारी, ना वाटेची, त्यामुळे त्याला सगळं स्वच्छ दिसतं.

मला दिसलं ते असं. ताशी पन्नासच्या वेगाने ओल्या रस्त्यावर दोन गाड्यांत चार सेकंदांचं अंतर ठेवायचं, तर ते साधारण पंचावन्न मीटर भरतं. चौदा गाड्या म्हणजे अशी तेरा अंतरं. पहिला गडी वळणावर असतो तेव्हा शेवटचा जवळपास पाऊण किलोमीटर मागे, आणि मधे दोन ट्रक, एक एसटी आणि निवांत निघालेल्या म्हशी. सहा गाड्यांची रांग पावणेतीनशे मीटरांत मावते. आरशात मागचा दिसतो, मागच्याला त्याच्या मागचा.

चौक गावापाशी हे गणित रस्त्यावर उतरलं. दुचाकीला एक्स्प्रेसवेवर मज्जाव, म्हणून आम्ही जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने आलो होतो. चौकला डावीकडे कर्जत, सरळ खालापूर आणि खोपोली. पहिले पाच डावीकडे वळले. सहाव्याने मान वर करून धुक्यात इर्शाळगड शोधला आणि तो सरळ गेला. त्याच्यामागे उरलेले आठ भाविकतेने गेले. सगळ्यांचे मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रेनकोटात आणि रेनकोटावर धो धो पाऊस. फोन वाजत होते, ऐकणारा कोणी नव्हता.

आमचे पाच कर्जत स्टेशनात दिवाडकरांचे वडे खात थांबले. सरळ गेलेल्या नऊजणांनी महडच्या वरदविनायकाचं दर्शन उरकून घेतलं. अष्टविनायकांपैकी एक पदरी पडला म्हणून ते खूश होते. फोन लागल्यावर ‘तुम्ही इकडे या’ आणि ‘तुम्हीच तिकडे या’ यावर चर्चासत्र झडलं. पाचामुखी परमेश्वर असेल, चौदा मुखांतून निघतो तो नुसता गोंगाट. अखेर पळसदरीवरून आम्हीच खोपोलीला गेलो. तिथे बारा वडापावची ऑर्डर दिली, बावीस आले, अठरांचे पैसे जमले.

वर बोरघाटात जुन्या रस्त्याला शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, अशी लोककथा आहे. येता-जाता ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. त्या कथेत वाट दाखवणारा एकच आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्यात वाट दाखवणारे सात होते.

मग दोघांनीच जावं का? तेही नको. एकाची गाडी पंक्चर झाली की दुसऱ्याने मेकॅनिक आणायला जायचं, आणि पहिल्याने पावसात एकट्याने गाडीशी बोलत बसायचं. तिघे हवेत: एक पंक्चरवाला, एक सोबतीला, एक धावपळीला. चौघे उत्तम, मिसळीचं एक टेबल पुरतं. पाच-सहांपर्यंत माणसं एकमेकांना नावानं हाक मारतात. सातव्या गाडीपासून ‘तो निळा रेनकोट’ सुरू होतो, आणि दहाव्यापासून निळे रेनकोट तीन असतात.

मोठ्या टोळीचा खरा धोका धबधब्यापाशी. सहाजण पाण्याचा रंग बघून मागे फिरतात. चौदांत एखादा उतरतोच, आणि त्याला बघून बाकीचे. अशा धबधब्यांत माणसं बुडाली आहेत, आणि म्हणूनच पावसाळ्यात प्रशासन वेळोवेळी बंदी घालतं. निघण्यापूर्वी बंदी आहे का ते विचारून घ्या, आणि असेल तर पाळा.

तेव्हा गाड्या सहा, हेल्मेट मागच्यालाही, आणि प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. सातवा फारच मागे लागला, तर त्याला लोकलने कर्जतला बोलवा. वडा त्याला फलाटावरच मिळेल.