नानांना बोट लागली

आमच्या सोसायटीत नानांची बोट गेल्या ऑगस्टपासून रोज सुटते. संध्याकाळी सव्वासहाला, बी विंगच्या जिन्याशेजारच्या बाकावरून. प्रवासी आम्हीच. चार-पाच पेन्शनर, दूध आणायला निघालेला एखादा गाफील गृहस्थ आणि वॉचमन. वॉचमनला ती बोट आता इतकी पाठ झाली आहे की परवा कुरिअरवाल्याला पाण्याची टाकी कुठे ते सांगताना तो ‘मागे, डेकवर’ म्हणाला.

बोट खरी आहे, बरं का. ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ तिचं नाव. सिंगापूरहून सुटणार. २,०८,००० टनांची. हा आकडा ऐकून समोरच्यानं ‘बापरे, एवढं वजन!’ म्हणायचं असतं. नाना त्याचीच वाट बघत असतात. “वजन नव्हे हो! ग्रॉस टन म्हणजे आतली जागा मोजायचं माप. टायटॅनिक होती ४६,३२८ टन. म्हणजे आमच्या बोटीत चार टायटॅनिक बसवा, वर गणपतीच्या मांडवाला जागा उरेल.”

नानांचं घर तळमजल्यावर आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी बाकाच्या डोक्यावर. टायटॅनिकचं नाव निघालं की खिडकीतून आवाज येतो, “अहो, जायच्या आधी जरा शुभ बोला.”

नाना पोस्टातून निवृत्त झाले, लेक सिंगापूरला असते, तिनं तिकिटं काढली. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण ही बोट नवी कोरी आहे आणि नानांना खरी लागली आहे ती त्या कोरेपणाची चटक. हे समजायला आमची सोसायटी समजली पाहिजे. इथे तुम्ही कुठेही जाऊन या, कुणीतरी आधी जाऊन आलेला असतो. नाना काश्मीरला गेले, तर कुलकर्णी म्हणाले, “आता काय राहिलंय तिथे? आम्ही गेलो तेव्हाचं काश्मीर!” केरळला गेले, तर “हाउसबोटीवर एकच रात्र? मग काय पाहिलंत?” अष्टविनायक करून आले, तर एकानं विचारलं, “एसी बसनं?” आणि उत्तर ऐकून नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यात नानांचे आठही गणपती बुडाले.

आता ज्या बोटीवर अजून एकही प्रवासी चढलेला नाही, तिथे कुलकर्णी काय जाऊन आलेले असणार? नाना बोलतील ते प्रमाण. या गोष्टीचं सुख नानांच्या चेहऱ्यावर जितकं दिसतं, तितकं लेकीच्या लग्नातही दिसलं नव्हतं. तेव्हा खर्चाची काळजी होती म्हणा.

बोटीच्या चारित्र्यावर एकदा शिंतोडा उडालाच. ही बोट जर्मनीत विस्मारला बांधायला घेतली ती दुसऱ्याच कंपनीसाठी. तेव्हा तिचं नाव ‘ग्लोबल ड्रीम’ होतं. २०२२ मध्ये तिथली गोदी दिवाळखोरीत निघाली, बोट अर्धवट उभी राहिली आणि मग डिस्नेनं ती विकत घेतली. नानांनी ही हकीकत मोठ्या कौतुकानं सांगितली. खिडकीत शांतता पसरली. मग काकू म्हणाल्या, “म्हणजे ठरलेलं मोडलेली.”

“साखरपुडा मोडला फक्त!” नाना ताडकन म्हणाले. “नांदायला कुठेच गेली नव्हती!”

बुकिंग होतं जानेवारीचं. पण बोटीच्या पहिल्या सफरीची तारीख डिसेंबर २०२५ वरून १० मार्च २०२६ वर गेली आणि नानांना मे महिना मिळाला. आम्ही सांत्वनाला गेलो. पाहतो तर नाना खुशीत. वाट बघायला चार महिने वाढवून मिळाले होते! कालनिर्णयवरच्या जानेवारीतल्या चौकोनातली छोटी बोट त्यांनी खोडरबरानं पुसली आणि मेमध्ये नव्यानं काढली. या खेपेला चिमणीतून धूरही काढला. मी म्हटलं, “नाना, हल्लीच्या बोटींना असा धूर...” तर म्हणाले, “ते मला सांगू नका, ते चित्र आहे.”

याच वाढीव काळात नानांनी हॉलमध्ये केबिन आखली. कंपनीच्या नकाशावरून मापं काढली, सोफा भिंतीला सरकवला आणि फरशीवर खडूनं चौकोन पाडला. हा पलंग, हे कपाट, ही मोरी. मोरी म्हणजे बाथरूम, पण नाना पोस्टाच्या चाळीत वाढले. बाल्कनीच्या जागी आमच्या सोसायटीची खरी गॅलरी आली, दोरीवरच्या टॉवेलांसह. मग काकूंना आत बोलावलं. “बस. कसं वाटतंय?”

“केर काढताना मला हे पुसायला लागणार,” काकू म्हणाल्या. पण बसल्या. दोघं खडूच्या पलंगावर मांडी घालून चहा प्यायले. मी दारात उभा होतो तर नाना म्हणाले, “आत या ना. असे नाही, दारातून या. तिथे भिंत आहे.”

केबिन मधोमध आणि खालच्या मजल्यावर घेतली आहे. सोय म्हणून, जेवण जवळ पडतं म्हणून, असं नाना सांगतात. खरी गोष्ट त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी फोडली. लहानपणी ही भावंडं मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं आजोळी कोकणात जात. डेकवर सतरंजी, उशाला पत्र्याची ट्रंक, शेजारी कुणाच्या तरी कोंबड्या. तिथे बोट खोल पाण्यातच थांबायची. तिथून पडावात उतरायचं आणि पडाव वरखाली होताना खलाशी मुलांना गाठोड्यासारखं झेलायचा. “हा जयगडपासून जो ओकायला लागायचा,” अक्का म्हणाल्या, “तो आजोळच्या पडवीत पोचेपर्यंत. तिसऱ्या दिवशी पेज पचायची.” बोट सगळ्यात कमी हलते ती मधोमध आणि खाली. नाना हे साठ वर्षं विसरलेले नाहीत.

“आता बोट लागत नाही, अक्का. तळाला दोन्ही अंगांना पंख असतात. स्टॅबिलायझर. बोट कलली की ते पाण्यात उलट रेटा देतात.”

“बरं,” अक्का म्हणाल्या आणि आवळासुपारीची डबी त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी मुकाट्यानं ठेवून घेतली.

बॅग भरण्याचं प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात मलाच वाईट वाटलं. घरचे शिजवलेले पदार्थ न्यायचे नाहीत. चहाची विजेची किटली नाही. इस्त्री नाही, आगीच्या भीतीनं. काकूंनी यादीतून एकेक ओळ खोडत आणली, शेवटी एक ओळ उरली: ‘हे (नाना).’

एकदा मी मूर्खासारखा प्रश्न विचारला. “बोट जाते कुठे?”

“सिंगापूरहून सुटते.”

“ते कळलं. लागते कुठे?”

“सिंगापूरला.”

मध्ये कुठेच बंदर नाही. तीन-चार रात्री समुद्रात राहायचं आणि परत यायचं. “म्हणजे राउंड मारून येते,” वॉचमन म्हणाला. त्याची ड्यूटीही तीच. आम्ही हसलो. नाना हसले नाहीत. ते पुढे झुकले आणि ज्या आवाजात ते एरवी फक्त पेन्शनची थकबाकी किती आली ते सांगतात, त्या आवाजात म्हणाले, “उतरायचंच नाही म्हटल्यावर ‘तिथलं ते देऊळ पाहिलंत का?’ असं कोण विचारणार?”

कुलकर्णी खोकले.

बोटीवर चढलं की सगळ्यांना आपत्कालीन सराव करावा लागतो. त्याचा भोंगा ठरलेला असतो, सात छोटे आणि एक लांब. नाना तो खिडकीतल्या कुकरवर शिकवतात. शिट्टी झाली की बोट वर करून मोजतात. चौथ्या शिट्टीला काकू गॅस बंद करतात, त्यामुळे आमच्यापैकी कुणालाच अजून बोट सोडण्याची वेळ आलेली नाही.

आणि गेल्या आठवड्यात घात झाला. सी विंगमधले देशपांडे दूध घेऊन जाता जाता सहज म्हणाले, “अहो नाना, आमचा भाचा जातोय त्या तुमच्या बोटीवर. मार्चच्या शेवटाला. आला की सांगतो कशी आहे ते.”

दोन दिवस नाना बाकावर आलेच नाहीत. खिडकीतून शिट्ट्या ऐकू यायच्या, मोजायला कुणी नव्हतं. कुलकर्ण्यांना चैन पडेना. तेच दोनदा येऊन रिकाम्या बाकाकडे बघून गेले.

तिसऱ्या दिवशी सव्वासहाला नाना हजर. मांडीवर नवा प्रिंटआउट, कागद अजून कोमट.

“जपानमधून एक निघते आहे,” ते म्हणाले. “२०२९ ला.”

“आणि ही मेची?” मी विचारलं.

“तिला जाऊच की. पण ही बघा.” नानांनी कागदावरून हात फिरवला. “हिच्यावर कुणाचाही भाचा जाऊन आलेला नाही.”

वर कुकरची तिसरी शिट्टी झाली. नानांचं बोट आपोआप वर गेलं.