स्वेच्छेचे सरकारी उत्पादन

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता गाविलगडाच्या डोंगररांगेत शिरून सिपना नदीच्या काठी जेथे घटकाभर विसावतो, तेथे सेमाडोह नावाचे एक गाव आहे आणि त्या गावाच्या शेजारी वनखात्याचे एक पर्यटन संकुल आहे. या दोहोंपैकी कोण कोणाच्या शेजारी आहे, असा प्रश्न विचारण्याइतका असंस्कृत प्रवासी अद्याप तेथे उतरलेला नाही. मेळघाटाविषयी मत बनविण्यासाठी जे विद्वान येतात त्यांना संकुलात खोली मिळते, गरम जेवण मिळते, पहाटेच्या सफारीला जीपगाडी मिळते, आणि नशीब बलवत्तर असेल तर वाघाच्या पाऊलखुणाही मिळतात. इतक्या सामग्रीवर मत तयार होण्यास दोन रात्री पुष्कळ होतात. वन्यजीवांचे कैवारी, आदिवासींचे कैवारी, रेल्वेचे कैवारी आणि कोणाचेच कैवारी नसलेले, केवळ अभ्यासदौऱ्यावर निघालेले सन्माननीय सदस्य असे सारे येऊन गेले. सर्वांच्या वादाचा विषय एकच, की मनुष्य आणि वाघ एका अरण्यात नांदू शकतात काय. ज्या कोरकू आदिवासी मनुष्याविषयी हा वाद आहे तो चर्चेच्या वेळी बहुधा हजर असतो; चहा त्यानेच आणून दिलेला असतो.

इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर असा. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर पुढल्या दहा-पंधरा वर्षांत मेळघाटचे साग राखीव झाले, आणि साग राखण्यास, तोडण्यास, वाहण्यास व वणवा विझविण्यास मजूर लागतात हे ध्यानी आल्यावर जंगलात माणसे असणे ही राज्यकारभाराची निकड ठरली. त्या काळी वनखात्याने स्वतःच वनग्रामे वसविली आणि त्यांत राहणाऱ्यांकडून काम करवून घेतले. १९७४ साली व्याघ्रप्रकल्प आला, तोड थांबली, आणि त्याच माणसांचे तेथे असणे हा अरण्यावरील भार ठरला. मनुष्य तोच, झोपडी तीच, कुटकीचे शेतही तेच. दप्तरातला शेरा तेवढा बदलला.

आता कोणी म्हणेल की, आपल्या लोकशाहीत कोणासही जबरदस्तीने हलविता येत नाही. अगदी खरे आहे. वनहक्क कायदा २००६ सालचा आहे आणि त्याचे कलम ४(२) तर असे आहे की, वाचून डोळे पाणावावेत. वन्यजीवांसाठी एखादे क्षेत्र निर्मनुष्य करावयाचे असेल तर प्रथम तेथील सर्वांचे हक्क मान्य होऊन त्यांच्या पदरी पडलेले असावेत. त्यानंतर या माणसांच्या वास्तव्याने वन्यप्राण्यांची भरून न येणारी हानी होते हे सिद्ध व्हावे. सहजीवनासारखा दुसरा कोणताही वाजवी उपाय उरला नाही असा निष्कर्ष सरकारने काढावा. मग उपजीविकेची हमी देणारी पुनर्वसनाची तजवीज लोकांपुढे ठेवावी. ग्रामसभेने सर्व समजून घेऊन, कोणत्याही दडपणाविना, लेखी संमती द्यावी. आणि नव्या जागी जमीन व सोयी पूर्ण झाल्यावाचून एकाही कुटुंबास उठवू नये. एकूण अटी सहा, आणि सहाही पुऱ्या झाल्या पाहिजेत. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही व्याघ्रक्षेत्रापुरती जवळजवळ हीच भाषा स्वीकारली.

अटींचा हा क्रम संसदेने लावला खरा, परंतु क्रम हा कायद्याचा भाग नसून छपाईची सोय आहे, अशी आमच्या प्रशासनाची प्रामाणिक समजूत दिसते. अनुभवी अधिकारी थेट पाचव्या अटीस, म्हणजे संमतीस, हात घालतो. संमती मिळाली की, सहजीवन शक्य होते काय हा तिसऱ्या अटीतील प्रश्न निरर्थक ठरतो, कारण सहजीवनास आता दुसरा पक्षच उरत नाही. हानी झाली काय हा दुसऱ्या अटीतील प्रश्न अभ्यासकांकडे वर्ग करता येतो. आणि हक्क मान्य करण्याची पहिली अट तर हक्कदार गाव सोडून गेल्यावर आपोआपच निकाली निघते. सहाव्या अटीचे काम चालू असते. ते चालूच असते.

राहता राहिला प्रश्न संमती निपजवावी कशी, हा. इंग्रजांना हे शास्त्र अवगत नव्हते. ते बापडे हुकूम काढीत आणि बदनाम होत. स्वराज्यात स्वेच्छा हीच उत्पादनाची वस्तू झाली असून तिची कृती सोपी आहे. गावाचा रस्ता पावसाळ्यात वाहून गेला की, अरण्यक्षेत्र असल्यामुळे दुरुस्तीस परवानगी नाही असे लिहून कळवावे. विजेची तार मागितली की, वन्यप्राण्यांस धोका होईल म्हणून प्रस्ताव परत पाठवावा. दवाखाना मागितला तर लोकसंख्येच्या निकषात गाव बसत नाही असे सांगावे, शाळा मागितली तर पटसंख्येच्या. अशी काही वर्षे जाऊ द्यावीत. मग एके दिवशी गावात सतरंजी अंथरून, प्रसन्न मुद्रेने विचारावे की, बाबांनो, जेथे रस्ता आहे, वीज आहे, दवाखाना आहे, अशा ठिकाणी जाण्याची आपली इच्छा आहे काय? आजारी लेकराला बाजेवर घालून ओढा ओलांडलेला बाप या प्रश्नास नाही म्हणेल, अशी अपेक्षा कोणीही सूज्ञ मनुष्य करणार नाही. तो होय म्हणतो, आणि आपण राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता व कोणाच्या दडपणास बळी न पडता हे लिहून देत आहोत अशा मजकुराखाली त्याचा अंगठा उमटतो. मजकुरातील एकही शब्द खोटा नसतो.

या कृतीत एकच विघ्न आहे, आणि ते दुर्दैवाने त्याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये दडलेले आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचे दुकान, वीज व दूरसंचाराच्या तारा, पिण्याचे पाणी, तलाव, लहान कालवे, रस्ता, समाजमंदिर अशा तेरा प्रकारच्या सोयींसाठी, ग्रामसभेने शिफारस केल्यास, प्रत्येक कामी एक हेक्टरहून कमी वनजमीन देता येते आणि हेक्टरी पंचाहत्तरपर्यंत झाडे तोडता येतात, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे जंगल आहे म्हणून रस्ता नाही, या वाक्यास कायद्यात आधार नाही. परंतु कलम तिसरे हे कलम चौथ्याच्या आधी येते, आणि आमचे अधिकारी कायदा शेवटाकडून वाचीत असल्यामुळे तेथवर पोहोचेपर्यंत त्यांची बदली झालेली असते.

मोबदल्याच्या बाबतीत मात्र सरकारला कृपण म्हणता येणार नाही. पूर्वी कुटुंबामागे दहा लाख रुपये मिळत, २०२१ पासून ते पंधरा लाख झाले. आणि कुटुंबाची व्याख्या इतकी उदार आहे की, अठरा वर्षांचा होताच मुलगा आईबापांपासून निराळे कुटुंब बनतो. एकत्र कुटुंबपद्धती मोडण्यास पाश्चात्य शिक्षणाला शंभर वर्षे लागली. पुनर्वसनाच्या यादीने ते काम एका दुपारी केले. ज्याने जन्मात हजार रुपये एकरकमी पाहिले नाहीत त्याच्या नावे लाखो रुपये जमा झाल्याची वार्ता सर्वांत आधी कोणास लागते, हे अकोटच्या मोटारसायकल विक्रेत्यास विचारावे.

बोरी, कोहा व कुंड ही गावे प्रथम हलली. पुढे अनेक गावे अकोट व तेल्हारा तालुक्यांच्या काळ्या मातीत येऊन वसली. त्यांतील काहींचे रहिवासी आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून आपल्या जुन्या गावठाणांकडे परत निघाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये तर तेथे बंदोबस्ताशी त्यांची चकमक होऊन दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. येथे जिज्ञासूंनी एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. जाताना जी स्वेच्छा होती ती कायदेशीर होती. येतानाची स्वेच्छा हे अतिक्रमण होय.

दिल्लीचे धोरणही मोठे चपळ आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्च २०१७ मध्ये व्याघ्रक्षेत्रांच्या गाभ्यात वनहक्क देऊ नयेत असे पत्र काढले व वर्षभराने ते मागे घेतले. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनातून काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीस त्यास स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात देशातील लाखो कुटुंबे घुसखोर होऊन पुन्हा रहिवासी झाली. १९ जून २०२४ रोजी त्याच प्राधिकरणाने राज्यांना कळविले की, देशभरच्या गाभा क्षेत्रांत ५९१ गावे व ६४,८०१ कुटुंबे अजून शिल्लक आहेत, तरी त्यांच्या स्थलांतराचे वेळापत्रक सादर करावे. स्वेच्छेचे वेळापत्रक ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते, पण खात्याच्या वार्षिक उद्दिष्टांत एकदा तिला रकाना मिळाला की तीही सवयीची होईल.

याच अरण्यातून पूर्वी जाणाऱ्या अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वेचा वाद मला या संदर्भात फार उद्बोधक वाटतो. रूळ रुंद करावयाचे ठरले आणि एकच गदारोळ झाला. जुन्याच मार्गाने न्यावे की बुलढाणा जिल्ह्यातून वळसा घालून न्यावे, गाडी आणि वाघ यांचे सहजीवन शक्य आहे काय, खालून भुयारे काढली तर हरिण त्यांतून जाईल काय, यावर निवेदने झाली, न्यायालयात कज्जे झाले, २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांस पत्र लिहून पर्यायी मार्गाचा आग्रह धरला. उत्तम झाले, वाघाच्या घरातून आगगाडी जाऊ नये असेच माझेही मत आहे. मला कौतुक वाटते ते याचे की, लोखंडाच्या दोन रुळांना कलम ४(२) मधल्या तिसऱ्या अटीचा, पर्यायांच्या विचाराचा, संपूर्ण लाभ मिळाला. आणि तो मिळविण्यासाठी रुळांना वनहक्काचा दावा दाखल करावा लागला नाही, की वहिवाटीचा पुरावा जोडावा लागला नाही.

गावे उठलेल्या जागी गवताची कुरणे झाली, चितळ आले, चितळांमागून वाघ आले. हे खरे आहे आणि ते नाकारणे कद्रूपणाचे होईल. तितकेच खरे हे की, परतवाड्याजवळच्या पायविहीर गावास सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेथील लोकांनी उजाड टेकडी राखून सीताफळांचा धंदा उभा केला आणि २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. हा दाखला परिसंवादांत सहसा निघत नाही. तेथे वाद घालण्यास फारसे काही उरत नसल्यामुळे परिसंवाद तासाभरातच आटोपण्याची भीती असते.

तरी शासनाच्या विचारार्थ एक नम्र तजवीज मांडतो. निर्मनुष्यतेचे तत्त्व एकदा मान्य केल्यावर अरण्यातील विश्रामगृहे, संकुले व साहेबांचे बंगले यांसही स्वेच्छेचा लाभ नाकारणे पक्षपाताचे दिसेल. म्हणून प्रथम त्यांची वीज तोडावी, रस्त्याच्या डागडुजीचे प्रस्ताव परत करावेत, खानसाम्याचे पद रिक्त ठेवावे, आणि तीन पावसाळ्यांनंतर सतरंजी अंथरून आत राहणाऱ्या साहेबांना पुसावे की, अमरावतीस येण्याची आपली इच्छा आहे काय? संमतीपत्राचा मजकूर तोच चालेल. मोबदला दर खोलीमागे पंधरा लाख ठेवावा, आणि खोलीत उतरलेल्या अठरा वर्षांवरील प्रत्येक पाहुण्यास स्वतंत्र कुटुंब समजावे की नाही, याचा निर्णय वित्त विभागाचा अभिप्राय घेऊन करावा.